जयपूरचा कालवफोड्या

अलिबागच्या पुढे आमचं गाव. घराच्या मागच्या दारी उभं राहिलं की समुद्र दिसतो, आणि थंडीच्या दिवसांत ओहोटी असेल तर खडकांवर कालवफोडे दिसतात. काळी पाठ, पांढरं पोट, लालभडक लांब चोच. कालवं काढायला आलेल्या बायकांसारखे तेही खाली माना घालून कामाला लागलेले असतात. आम्ही त्यांच्याकडे बघत नाही, ते आमच्याकडे बघत नाहीत, असा आमचा वर्षानुवर्षांचा समजुतीचा शेजार आहे. तर हा पक्षी पाहण्यासाठी मी अर्धा देश ओलांडून जयपूरला जाऊन आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत मुलांना शिकवते. यापुढे उदाहरण शोधायची गरज नाही.

याला कारण माझी थोरली बहीण. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, मूळचे आमच्याच किनाऱ्यावरचे. फौजेत सर्जन होते. शेवटची बदली जयपूरला झाली आणि निवृत्तीनंतर तिथेच खातीपुऱ्यात घर बांधून राहिले. आता जवळच्याच सोडाला भागातल्या एका लहानशा खासगी दवाखान्यात ऑपरेशनं करतात. फौजेतून सुटलेल्या माणसाला पहाटे उठायची खोड असते आणि उठून करायला काही नसतं. त्यामुळे तिथल्या अशाच चारपाच रिकाम्या साहेबांनी मिळून पक्षी बघायचं मंडळ काढलं आहे. मंडळाचे प्रमुख एक निवृत्त ब्रिगेडियर. नियम एकच, पण फौजी: एकट्याने पाहिलेला पक्षी हा पक्षी नव्हे. दुसऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहिला तरच तो पक्षी.

डिसेंबरात ताईचा ट्रंककॉल आला, तोही शाळेत. मुख्याध्यापक पाण्याचा पेला हातात घेऊनच मला बोलवायला आले. कुणीतरी गेलं असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"यांना जलमहालाच्या तलावावर कालवफोड्या दिसला," ताई ओरडून सांगत होती, कारण ट्रंककॉलवर ओरडायचंच असतं. "इथे कुणी विश्वास ठेवत नाही. हे म्हणतात शशीला बोलाव, ती रोज बघते. तू ये."

मुख्याध्यापकांना मी खरं कारण सांगितलं. त्यांनी पाणी स्वतःच प्यायलं आणि जानेवारीत संक्रांतीच्या आठवड्याची रजा दिली.

खातीपुरा

सवाई माधोपूरला गाडी बदलून छोट्या रुळांच्या गाडीने जयपूरला उतरले तेव्हा दात वाजत होते. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पांघरूण पायाशी असतं ते अंगावर घ्यायचं. इथे थंडी घरात राहायला येते. फलाटावर भाऊजी उभे होते. मी समोर जाऊन हसले, हात हलवला. ते माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखे शांत उभे. जावई कितीही जुना झाला तरी मान हवाच, असं मनात म्हणून मी बॅग आपटली आणि म्हटलं, "भाऊजी, सामान मी उचलू की तुम्हालाही उचलू?"

तेव्हा कुठे चेहरा फुलला. "आल्या मेहुणीबाई. दिल्लीपर्यंत ऐकू गेलं."

मी फार बोलते असं भाऊजींचं लग्नाच्या मांडवापासूनचं मत आहे. माझ्यामुळे ताईला घरात बोलायची सवय राहिली नाही, आणि म्हणून त्यांचा संसार सुखाचा झाला, असं ते चारचौघांत सांगतात.

घरी पोचायला सायकलरिक्षा केली. स्कूटर अंगणात चादर घालून झाकून ठेवलेली होती. "पेट्रोल किती महाग झालंय," भाऊजी म्हणाले. डॉक्टरकी करून माणूस चिक्कू होतो हे ऐकून होते, ते पाहिलं. घरात रंगीत टीव्ही आणलेला, नवा कोरा. संध्याकाळच्या बातम्या लागल्या तर भाऊजी त्याच्याकडे पाठ करून खुर्चीत बसले आणि ऐकत राहिले. रंगाचे पैसे देऊन रेडिओ ऐकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

माझी भाची मिनी कॉलेजात आहे. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "मावशी, तू थकली असशील, मतलब, खूपच. आधी चाय पिऊन घे, मग खाना लागेल." तिचं मराठी असं पाहुण्यासारखं बिचकत घरात येतं. पण बाजरीची गरम रोटी, वर तूप आणि गूळ, हे तिने स्वतः करून वाढलं, त्यामुळे व्याकरणाबद्दल मी काही बोलले नाही.

जेवणानंतर स्वयंपाकघरात ताईने दार लोटलं.

"शशी, तो पक्षी सापडायलाच हवा."

"पक्षी आहे ताई, हरवलेलं मंगळसूत्र नाही."

"ऐक तरी. मंडळाच्या बैठकीत यांनी सांगितलं तर ब्रिगेडियर सगळ्यांसमोर हसत म्हणाले, डॉक्टर साहब, पहले अपनी आँखें दिखाइए. ज्यांचा दवाखाना आहे तेही तिथेच होते. थट्टाच ती, पण तेव्हापासून दवाखान्यात कुजबुज सुरू झाली आहे. आणि ब्रिगेडियरसाहेबांचंच हर्नियाचं ऑपरेशन व्हायचंय, यांच्याच हातून. त्यांनी ते पुढे ढकललंय. म्हणतात, पक्षी सिद्ध होऊ दे, मग सुरी." ताईने ओट्यावरचं पुसलेलंच पुन्हा पुसलं. "पक्षी नसेलच तर मग यांना काय दिसलं, सांग. मला काही सांगत नाहीत. डोळेच गेले तर त्यांच्यापाशी दुसरं काय आहे?"

इतका वेळ मी मजेत होते. त्या रात्री दोन रजया घेतल्या तरी झोप लागायला वेळ लागला.

जलमहाल

दुसऱ्या दिवशी पहाटे मंडळ तलावाच्या बांधावर जमलं. सगळ्यांच्या अंगावर फौजी कोट, गळ्यात दुर्बिणी, डोक्याला मफलर. पक्ष्यांनी आम्हाला पाहिलं असेल तर युद्ध लागलं असंच त्यांना वाटलं असणार. तलावाच्या मधोमध तो सुंदर महाल, मागे डोंगर, पाण्यावर धुकं. दुरून डोंगर साजरे हे इथे पाण्यालाही लागू आहे. जवळ गेल्यावर असा काही वास आला की मला आमच्या सुक्या बोंबलांची आठवण येऊन अभिमान वाटला.

ब्रिगेडियरसाहेब उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी माझी ओळख करून दिली: "ये मॅडम समंदर से आई हैं. एक्सपर्ट हैं."

समंदरातून आलेल्या एक्सपर्टच्या पायात मिनीचे बूट होते आणि डोक्याला ताईची शाल. पक्ष्यांबद्दलचं माझं ज्ञान इतकंच, की कालवं काढायला गेलं की हे पक्षी उठून ओरडतात.

"डॉक्टर साहब ने गलत नहीं देखा," ब्रिगेडियर मला समजावून सांगू लागले, भाऊजींना ऐकू जाईल अशा आवाजात. "वो देखिए, लंबी लाल टाँगवाला. काला-सफ़ेद. टाँग लाल थी, डॉक्टर साहब ने चोंच लाल कर दी. सर्जन आदमी हैं, इधर का उधर लगा दिया."

समोर खरंच शेकाट्या पक्ष्यांची रांग उभी होती. उंच काटक्यांसारखे लाल पाय, काळे पंख, पांढरं अंग. घाईत कुणीही फसेल.

"चोच," भाऊजी शांतपणे म्हणाले. "मी सांगितलं ते चोचच."

त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. "तूच बघ. तू पाहुणी." भाऊजींचा हा उदारपणा मला नवा होता. एरवी लाडूसुद्धा ते मोजून देतात. मी दुपारपर्यंत पाहिलं. बदकं पाहिली, बगळे पाहिले, पाणकावळे पाहिले, धुणं धुणाऱ्या बायका पाहिल्या. कालवफोड्या नव्हता.

परतताना रस्त्यात एका चौकात लोक पोतं उघडून कबुतरांना ज्वारी घालत होते. हजारभर कबुतरं, आणि धान्य विकणारा शेजारीच बसलेला. आमच्याकडे कावळ्याला घास ठेवतात तोही पितरांच्या नावाने, स्वतःचं काम असेल तेव्हा. इथले लोक विनाकारण पुण्य करतात. ब्रिगेडियरांनी जीप थांबवून त्या कबुतरांकडे दुर्बिणीतून पाहिलं. दोन माणसांनी पाहिल्याने ती कबुतरंच असल्याचं सिद्ध झालं.

सांभर

तिसऱ्या दिवशी ब्रिगेडियरसाहेबांनी ठरवलं की समुद्राचा पक्षी खाऱ्या पाण्याकडेच जाणार, म्हणून जीप सांभरला निघाली. वाळवंटाच्या काठावर मैलोगणती पसरलेलं खारं तळं. मला वाटलं होतं, भाऊजी ताईच्या माहेरच्या माणसाला खूश करायला त्याला समुद्र म्हणत असतील. पण क्षितिजापर्यंत पांढरं, मध्ये पाण्याची चकाकी, वारा खारट. आमच्याकडच्या मिठागरासारखे वाफेही होते. मला एकदम घरची आठवण आली, आणि त्याच क्षणी मिठाचा पापुद्रा फुटून पाय काळ्या चिखलात घोट्यापर्यंत गेला. बूट मिनीचा होता, तो सांभरने ठेवून घेतला. उरलेला दिवस एक्सपर्ट एका बुटात हिंडली.

रोहित पक्षी मात्र इतके पाहिले की डोळे निवले. पाण्यावर गुलाबी रंगाची ओळच्या ओळ, आणि सगळ्यांच्या माना खाली. मी बोलायची थांबले. भाऊजी माझ्याशेजारी उभे होते. "सांग ना, कसे दिसतायत?" त्यांनी विचारलं.

"समोर तर आहेत, बघा की."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय. तुझ्या वर्णनाला मीठमसाला असतो."

मग मी सांगितलं, भरपूर मीठमसाला लावून. ते हसत होते, तोंड पाण्याकडे आणि कान माझ्याकडे. कालवफोड्या इथेही नव्हता. परतीच्या वाटेवर ब्रिगेडियर सौम्यपणे म्हणाले, "डॉक्टर साहब, छोड़िए अब. उमर हो जाती है." ते थट्टेत बोलले असते तर मला इतकं लागलं नसतं. घरी आल्यावर ताईने आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि न विचारताच पानं घेतली.

संक्रांत

आपल्याकडे संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतात. जयपुरात त्या दिवशी सगळं शहर गच्चीवर चढतं, एकमेकांचे पतंग कापतं आणि "वो काटा" म्हणून गर्जना करतं. नंतर त्याच शेजाऱ्याला शेवयांसारखी फीणी आणि तीळगुळाची गजक पाठवतात. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटली. मिनीने सकाळी दुधात भिजवलेली फीणी खायला घातली आणि पतंग कापायला गच्चीवर गेली.

अशा दिवशी पक्षी पाहायला जाणं म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आकाशात पक्ष्यांना जागाच नव्हती. पण भाऊजी हट्टाला पेटले होते आणि माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. ब्रिगेडियरही आले, बहुधा शेवट पाहायला. आज ताईही आली, थर्मास आणि तिळाचे लाडू घेऊन. बांधावर आम्ही उभे राहिलो. मांजा लागून माझं बोट कापलं. तुटलेले पतंग तरंगत येऊन पाण्यात पडत होते. समोरच्या चिखलाच्या पट्टीवर एक काळापांढरा पतंग अडकला होता, लाल शेपटीचा, आणि वाऱ्याने फडफडत होता. ब्रिगेडियरांनी तो पाहिला, मग भाऊजींकडे पाहिलं, आणि सभ्यपणे दुसरीकडे वळले. मला समजलं त्यांच्या मनात काय आलं ते. माझ्याही मनात तेच आलं होतं.

तेवढ्यात भाऊजींनी माझा दंड धरला. "ऐक."

गच्च्यांवरचा आरडाओरडा, कुठेतरी लाउडस्पीकर. त्यातून एक तीक्ष्ण शिट्टी आली, मग लागोपाठ तशाच आणखी. आमच्या मागच्या दारी रोज ऐकू येते ती. मी त्या आवाजाला कधी मान वर केली नव्हती. आता केली.

पट्टीच्या पार डाव्या टोकाला, पतंगापासून बरंच लांब, तो उभा होता. काळी पाठ, पांढरं पोट आणि गाजरासारखी लाल चोच. कालवं नसलेल्या गावात हा बापडा काय फोडत होता देव जाणे, पण मान खाली घालून चिखल टोचत होता. वाट चुकला असेल, पण भुकेला चुकला नव्हता.

"तो बघा," मी म्हटलं, आणि मग हिंदीतही म्हटलं. सगळ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. ब्रिगेडियर बराच वेळ बघत राहिले. मग दुर्बीण खाली करून त्यांनी भाऊजींना चक्क सलाम ठोकला. "चोंच," ते म्हणाले. "चोंच ही है. माफ़ करना, डॉक्टर साहब."

ताई पदराने डोळे पुसत होती आणि लाडू वाटत होती, दोन्ही एकाच हाताने. भाऊजींनीही माझ्याकडून दुर्बीण घेऊन डोळ्यांना लावली. "व्वा," ते म्हणाले. "काय स्पष्ट दिसतोय. पंख बघ कसे फडफडवतोय."

पक्षी पंख फडफडवत नव्हता. तो स्थिर उभा होता. मी भाऊजींच्या अगदी खांद्याशी होते, दुर्बीण कुठे रोखली आहे ते मला दिसत होतं.

सगळे चहाकडे वळले. ब्रिगेडियर मोठ्या आवाजात जाहीर करत होते, "मंगलवार को मैं आपकी टेबल पर. पेट आपका, चाकू आपका." टाळ्या पडल्या. मी लाडू हातात धरून उभी होते. भाऊजी माझ्याकडे आले.

"मेहुणीबाई इतका वेळ गप्प? मी कुठे बघत होतो?"

खोटं बोलायचं मनात आलं. ताई दहा पावलांवर हसत होती, किती दिवसांनी तशी हसत होती.

"पतंगाकडे," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. रागावले नाहीत, दचकलेही नाहीत. "मधोमध धुकं येतं. कडेकडेने दिसतं अजून. दवाखान्यात महिनाभर मी नुसता उभा राहतो, ऑपरेशनं धाकटे डॉक्टर करतात. स्वतःला सांगत होतो, थकवा आहे. त्या दिवशी इथे शिट्टी ऐकली. लहानपणची शिट्टी, ती चुकेल कशी? पण मंडळात ऐकलेलं चालत नाही, म्हणून पाहिला म्हणालो. मग वाटलं, पुन्हा आला आणि खरंच दिसला, तर डोळे अजून आहेत म्हणायचं."

"त्यासाठी मला कशाला बोलावलंत?"

"तुझी ताई माझ्या सुखासाठी हो म्हणाली असती. तू तोंडावर सांगतेस."

आयुष्यात मला मिळालेली ही सर्वांत वाईट शाबासकी. फलाटावरचा मान, झाकलेली स्कूटर, पाठमोरा टीव्ही, सगळ्याची मी चार दिवस मनातल्या मनात टर उडवली होती. माझे तर दोन्ही डोळे धडधाकट होते.

भाऊजी ब्रिगेडियरांपुढे जाऊन उभे राहिले, सावधान असल्यासारखे. "ब्रिगेडियर साहब, पंछी मैंने देखा नहीं था. सुना था. आज भी नहीं देखा. मंगलवार को चाकू किसी और का होगा. किसी का भी पेट अब मैं नहीं काटूँगा."

ताईच्या हातातलं थर्मासचं झाकण खाली पडलं. ती उचलायला वाकली नाही. ती सरळ चालत आली आणि भाऊजींच्या शेजारी उभी राहिली, त्यांच्या कोटाची बाही धरून.

ब्रिगेडियरांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "फ़ौज में संतरी अँधेरे में आवाज़ से दोस्त-दुश्मन पहचानता है. हम उस पर पूरी पलटन की जान छोड़ देते हैं. फिर पंछी क्यों नहीं मानेंगे? आज से सुना हुआ भी चलेगा." मग हळू आवाजात म्हणाले, "ऑपरेशन के दिन बाहर बैठने तो आओगे ना? डॉक्टर साहब, मुझे डर लगता है."

"आऊँगा," भाऊजी म्हणाले.

पक्षी अजून तिथेच टोचत होता. त्याला या कशाचंही काही नव्हतं.

स्टेशन

निघताना ताईने गजक, मिनीने नवा मफलर दिला. हरवलेल्या बुटाबद्दल ती म्हणाली, "मावशी, सोड ना. सांभरचं नमक खाल्लंय त्याने." हे वाक्य तिला हिंदीतून आलं असलं तरी मराठीने ते ठेवून घ्यावं असं माझं मत आहे.

फलाटावर दाट धुकं होतं, त्यामुळे त्या सकाळी आम्ही सगळेच भाऊजींच्या पंक्तीला बसलो होतो. मी खिडकीशी बसले. गाडी हलली. ताईने हात हलवला. भाऊजींनीही हलवला, पण शेजारच्या डब्याकडे. मी खिडकीतून डोकं काढून बोलायला सुरुवात केली. उन्हाळ्यात दोघांनी गावी यायचंच, ओटा मोकळा आहे, कालवांचं आंबट करीन, पण ताईला सांगा पसारा घेऊन येऊ नकोस, आणि रिक्षाने भटकून पैसे वाचवलेत त्यात पहिल्या वर्गाची तिकिटं होतात की नाही ते बघा. त्यांचा हात हवेत थोडा थांबला आणि आवाजाच्या दिशेने वळला. बरोबर माझ्याकडे.

मग मी थांबले नाही. डब्यातली माणसं बघत होती. फलाट संपला, सिग्नल गेला, धुक्यात काहीच दिसेना, तरी मी खिडकीतून मोठमोठ्याने बोलतच राहिले.